पिंगळीतलं जादूचं बटन

पिंगळीच्या स्टेशनातून बाहेर पडून गावाकडं वळलं, की उजव्या हाताला एक निळं शटर लागतं. वर पाटी: 'सुगत फोटो अँड झेरॉक्स'. पाटीवर नाव नवऱ्याचं, दुकान बायकोचं. सुगत परभणीला एका कॉलेजात क्लार्क आहे. सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळच्या गाडीनं येतो, आणि मधल्या वेळात त्याच्या नावानं जे काही चालतं ते सत्यशीला चालवते. कुणी विचारलंच, "वहिनी, पाटीवर तुमचं नाव का न्हाई?" तर तिचं उत्तर तयार असतं, "काई बिघडलं तर नाव त्यांचं जावं म्हणून."

सत्यशीला शेहेचाळीस वर्षांची. बाई ठेंगणी, पण आवाज असा की पलीकडच्या फलाटावरचा माणूस दचकून मागं बघतो. चौदा वर्षांपूर्वी तिनं दुकान टाकलं तेव्हा गावातल्या चार शहाण्यांनी मान हलवून सांगितलं होतं, की परभणी हाकेच्या अंतरावर असताना पिंगळीत कोण मरायला फोटो काढतंय? त्या शहाण्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. फॉर्मला फोटो लागतो हे माणसाला गाडी यायच्या बरोबर दहा मिनिटं आधी आठवतं. चौदा वर्षं सत्यशीला त्या दहा मिनिटांवर जगली, आणि ते शहाणेही शेवटी तिच्याच स्टुलावर येऊन बसले.

स्टुलावर बसल्यावर माणसाचं काय होतं ते सांगायला नको. चौकात हॉटेल चालवणारा भागवत दिवसभर खिदळतो, पण कॅमेऱ्यासमोर बसला की पोलीस पाटलानं बोलावल्यासारखा ताठ. सत्यशीलेनं यावर स्वतःचा इलाज काढला होता. पुरुषमाणूस बसला की विचारायचं, "औंदा एकरी कापूस किती निघाला?" माणूस थाप मारायला लागतो, चेहरा सैल होतो, की लगेच खटका दाबायचा. म्हाताऱ्या बायांसाठी दुसरा इलाज. "मावशी, मालकाचं नाव घ्या बघू." जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून न काढलेली बाई लाजून अशी काही बघते, की तेवढ्यात काम होऊन जातं. पन्नास वर्षांचा संसार झालेली, दात पडलेली बाई लाजली की कशी दिसते, हे पिंगळीत फक्त सत्यशीलेला माहीत आहे.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं होतं. तिच्या कॉम्प्युटरवर एक भलंमोठं सॉफ्टवेअर होतं, कुणी कधी टाकून दिलं तेही तिला आठवत नव्हतं. त्यात पाचशे तरी बटनं असतील. सत्यशीलेला पाच लागायची. फोटो कापायचा, उजेड वाढवायचा, मागचा पडदा पांढरा करायचा, डोळ्यांतली लाली काढायची आणि फॉर्म म्हणेल तेवढ्या केबीत बसवायचा. बाकीच्या बटनांकडं तिनं कधी बघितलं नाही. उगं कशाला लोकाच्या घरात डोकवायचं?

मार्चमध्ये एके दिवशी ते सॉफ्टवेअर उघडायलाच तयार होईना. परभणीहून दुरुस्तीवाला आला, चहा प्याला, आणि म्हणाला, "ताई, तुमचं मशीन म्हातारं झालंय आन् हे सॉफ्टवेअर लय जड हाय. त्याला हे पेलंना. रोजच्या किरकोळ कामाला एखादं हलकं-फुलकं घ्या की."

"कोणतं?"

"लय हायेत," असं म्हणून तो साडेअकराच्या गाडीनं निघून गेला.

संध्याकाळी सुगत घरी आला तेव्हा त्याला हे कळलं, आणि त्याच्या अंगात आलं. क्लार्क माणूस! दुसऱ्या दिवशी गाडीत जाता-येता मोबाइलवर वाचून त्यानं वहीत तक्ता आखला. सॉफ्टवेअरचं नाव, वजन, फुकट की विकत, लोक काय म्हणतात, आणि शेवटच्या रकान्यात दहापैकी गुण. चार नावं काढली. चौघांपैकी एकही त्यानं स्वतः उघडून बघितलं नव्हतं, पण गुण मात्र देऊन टाकले होते.

"अहो, न बघता गुण कशे दिले?"

"लोकांनी दिलेत तेच उतरवलेत. लोक काय येडे हायेत?"

सत्यशीलेनं वही बाजूला सारली. तिचा हिशोब साधा. बैल घ्यायचा तर जुंपून बघावा. जुंपायला भागवत सापडला, कारण दुपारी हॉटेलात गिऱ्हाईक नसतं आणि त्याला बसून राहायला कुणी चहाचा कप दिला तरी पुरतं. चहा त्याचाच असला तरी.

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं. फोटो झकास कापला, उजेड नीट केला, आणि प्रिंट काढली तर भागवतच्या कपाळावरून तिरकं सॉफ्टवेअरचं नाव गेलेलं. भागवतनं प्रिंट हातात घेतली आणि म्हणाला, "वहिनी, मला काय वळू समजून डाग दिलाव काय?"

दुसरं सॉफ्टवेअर इंटरनेटवर चालायचं. भागवतचं कपाळ आलं, डोळे आले, नाक निम्मं आलं आणि रेंज गेली. पाऊण तास भागवत बिनतोंडाचा पडद्यावर लटकलेला होता. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारायचं, "हे कोण?" तिसरं सॉफ्टवेअर अगदीच साधं निघालं. सहा बटनं, ना रंग ना रूप. फोटो होता तसाच आला, फक्त स्वच्छ. भागवतनं तोंड वाकडं केलं. "ह्याच्यात आन् आरशात काय फरक हाय?" सुगतच्या वहीत त्याला दहापैकी चारच गुण होते.

आणि मग चौथं. त्यात एक गोल, चमकणारं बटन होतं. सत्यशीलेनं ते दाबलं. मधे एक चक्र फिरलं, आणि पडद्यावर जो माणूस आला त्याला बघून भागवत स्टुलावरून उठला. रंग उजळलेला, गाल भरलेले, डोळ्यांखालचं काळं गायब, पापण्या लांब. मिशीसुद्धा कुणीतरी विंचरून दिलेली.

"हा कोण?" सत्यशीला म्हणाली.

"मी," भागवत हळूच म्हणाला. "वहिनी, हेच ठेवा. तुमाला माझी शपथ हाय."

ते ठेवलं. सुगतच्या वहीत त्याला दहापैकी दहा होतेच, त्यानं खाली लाल शाईनं रेघ मारली. पंधरा दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नाही. ज्यांना फोटोची काडीची गरज नव्हती तेही आले. म्हाताऱ्या लिंबाजीनं तर रेशन दुकानासमोरच्या ओट्यावर बसून सांगितलं, की पिंगळीत फोटो काढला की माणूस वीस वर्षं मागं जातो. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही. सत्यशीलाही खुशीत होती. आता इलाज करायचं कामच उरलं नव्हतं. माणूस कसाही बसू दे, बटन होतं.

त्याच पंधरवड्यात ग्रामपंचायतीनं गावातल्या म्हाताऱ्यांचे ज्येष्ठ नागरिक ओळखपत्राचे फॉर्म एकगठ्ठा भरून परभणीला पाठवायचं ठरवलं. अकरा जण होते. अकराही जण सत्यशीलेकडं आले. त्यात शेवटी सरजाबाई आल्या.

सरजाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. बौद्धवाड्यात एकट्या राहतात, मुलगी येलदरीला दिलेली. त्यांचे मालक आश्रुबा रेल्वेत गँगमन होते, ते तापाच्या दुखण्यानं गेले त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. सत्यशीलेनं सवयीनं विचारलं, "मावशी, मालकाचं नाव घ्या बघू."

"गप बस, चावट!" सरजाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावता लावता हसल्या. सत्यशीलेनं खटका दाबला. मग बटन दाबलं. फोटो बघून म्हातारी पडद्याच्या आणखी जवळ सरकली. पासपोर्टच्या आठ कॉप्या घेऊन जायच्या, तर म्हणाली, "एक मोठा बी काढून दे." सत्यशीलेनं काढून दिला.

तिसऱ्या आठवड्यात सुगत संध्याकाळच्या गाडीनं उतरला तो हातात गठ्ठा घेऊन, आणि मान खाली घालून. ओळखपत्राच्या टेबलावरचा क्लार्क त्याच्या ओळखीचा होता. त्यानं सुगतला स्टेशनवर गाठून अकराही फॉर्म परत दिले होते.

"काय म्हणला?"

"म्हणला, सुगतराव, तुमच्या गावात म्हातारपण बंद झालं काय?"

सत्यशीलेला आधी हसू आलं. मग सुगतनं पुढचं सांगितलं आणि हसू जिथल्या तिथं राहिलं. सोमवारच्या आत खरे फोटो लावून फॉर्म परत आले नाहीत, तर इथून पुढं ह्या दुकानाचा फोटो त्या टेबलावर चालणार नाही. 'तिथं खोटे फोटो काढतात' असं त्यानं चार माणसांसमोर म्हटलं होतं.

आता गिऱ्हाईक तुटलं असतं तर सत्यशीलेनं दात-ओठ खाल्ले असते आणि नव्यानं जोडलं असतं. पण खोटे फोटो! चौदा वर्षांत तिनं लोकांची अंगठ्याएवढी तोंडं कापून कापून शासनाला पाठवली, पण एकाचं नाक दुसऱ्याला लावलं नव्हतं. तिनं गठ्ठा सोडला. सगळ्यांत वर सरजाबाईंचा फॉर्म होता. जन्मसाल एकोणीसशे सत्तेचाळीस. ओळखीची खूण: कपाळावर व हनुवटीवर गोंदण. आणि शेजारी फोटोत चाळिशीची एक देखणी बाई, ओठ लालचुटुक, कपाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. गोंदणाचा एक ठिपका नाही. त्या मेल्या बटनानं डाग समजून पुसून टाकलं होतं.

"अहो, तुमच्या लोकांनी दहापैकी दहा दिले होते ना?" ती सुगतला म्हणाली.

सुगतनं गठ्ठ्याची दोरी गुंडाळायला घेतली. यादी करणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, बोल लागतो तो बटन दाबणाऱ्याला.

तिनं त्याच पावली दुकान उघडलं आणि चौथं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरून काढून टाकलं. 'नक्की काढायचं का?' असं त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं त्याला तोंडानं उत्तर दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग सहा बटनांचं, चार गुणांचं, बिचारं साधं सॉफ्टवेअर आणलं.

शनिवार-रविवार म्हाताऱ्यांची पुन्हा रांग लागली, आणि काय तो गोंधळ! पंचफुलाबाईंनी सुरकुत्या परत घ्यायला साफ नकार दिला. लिंबाजी म्हणाला, "आगं, एकदा काढलेलं म्हातारपण परत कशाला चिटकवायलीस?" सत्यशीला कुणाला दटावत, कुणाला गोंजारत, कुणाला कापसाचा भाव विचारत एकेक जण उरकत गेली. रविवारी दुपारपर्यंत दहा झाले. सरजाबाई आल्याच नाहीत. तिनं तीन वेळा निरोप धाडला. पहिल्यांदा उत्तर आलं, मावशीचं डोकं दुखतंय. दुसऱ्यांदा, मावशी झोपलीय. तिसऱ्यांदा सांगणारी हसून म्हणाली, "मावशीनं आतून कडी लावलीय."

मग सत्यशीलेनं कॅमेरा गळ्यात अडकवला, पांढरी चादर काखेत मारली आणि स्वतःच निघाली. दहा फॉर्म गेले आणि एक राहिला, तर क्लार्क त्या एकाकडंच बोट दाखवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कडी वाजवली. आतून आवाज आला, "कोण हाय?"

"मी, सत्यशीला."

"फोटो परत न्यायला आलीस व्हय? मी देत न्हाई."

"आवं, फोटो न्यायला न्हाई आले. नवा काढायला आलेय. दार तर उघडा."

दार बोटभर उघडलं, एक डोळा दिसला, डोळ्यानं सत्यशीलेचे दोन्ही हात तपासले, आणि मग पूर्ण उघडलं. आत गेल्यावर सत्यशीलेला समोरच्या भिंतीवर दोन फोटो दिसले. एक आश्रुबांचा, रेल्वेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. भरदार मिशी, अडतीस वर्षांचा तरणाबांड गडी. आणि शेजारी, वायरनं खिळ्याला बांधलेली, जादूच्या बटनाची ती चाळिशीची बाई.

"मावशी, हे काय हो?"

सरजाबाई खाटेवर बसल्या. "मागं सर्वेवाली पोरगी आली होती. नाव-गाव लिहून घेतलं, चहा प्याली. भिताडाकडं बघून म्हणती, आजी, हा तुमचा मुलगा का?"

"मग?"

"मग काय? हो म्हणले. काय सांगत बसू तिला?"

सत्यशीला चादरीची घडी उगीच नीट करत राहिली.

"ते अडतीसचे तिथंच ऱ्हाईले," सरजाबाई म्हणाल्या. "मी एकलीच म्हातारी झाले. माझा तवाचा एक बी फोटो न्हाई, गं. कोण काढणार होतं? तू त्या दिशी दाखवलास, तवा मला वाटलं, आगं माय, ही तर मीच. आशीच होते मी, ते गेले तवा. आन् तुमी म्हणायलाव खोटा हाय म्हणून."

"फॉर्मला खोटा हाय मावशी. इथं असू द्या की. मी कशाला काढू?"

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. तिनं मुकाट्यानं चादरीसमोर बसून फोटो काढून दिला, सुरकुत्या, गोंदण, सगळं जिथल्या तिथं. सत्यशीला कॅमेरा बंद करून उठणार, तेवढ्यात सरजाबाईंनी तिचा हात धरला.

"पर एक चूक केलीस बघ तू."

"ओठ लाल झालेत, तेच ना?"

"ओठाचं जाऊ दे. गोंदण कुठं गेलं माझं?" त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. हिरवट, फिकी झालेली, पाच टोकांची चांदणी. "लगीन झाल्यावर पयल्यांदा बघितलं, तवा ह्येच बघितलं त्यांनी. मला नावानं कधी हाक मारली न्हाई. चांदणीच म्हणायचे. चारचौघांत न्हाई, घरात." मग एकदम तावातावानं म्हणाल्या, "आन् तू त्यांच्या शेजारी बिनाचांदणीची बाई नेऊन बसवलीस! आठ दिस झाले, परक्या बाईसंगं बसलेत ते. मला रातचं बरं वाटंना. काढून ठिवावी म्हणलं तर ती बी मीच. आता तूच सांग, काय करावं?"

सत्यशीला हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं ते पदरानं पुसले नाहीत, तशीच म्हणाली, "थांबा. तासाभरात येते."

ती जवळजवळ पळतच दुकानात आली. रविवार असल्यामुळं सुगत तिथं फॉर्मांचा गठ्ठा लावत बसला होता. "झाला का अकरावा?" त्यानं विचारलं. "झाला. आता बोलू नका," ती म्हणाली आणि बसली.

साध्या सॉफ्टवेअरमध्ये सहा बटनं होती हे सांगितलंच. त्यातलं एक डाग झाकायचं. चांगल्या जागेची कातडी उचलायची आणि डागावर ठेवायची, एवढंच त्याचं काम. सत्यशीलेनं दोन्ही फोटो एका कागदावर शेजारी शेजारी घेतले, अठ्ठ्याहत्तरची सरजाबाई इकडं, चाळिशीची तिकडं, आणि ते बटन उलटं चालवलं. इकडची चांदणी टोकाटोकानं उचलली आणि तिकडच्या कोऱ्या कपाळावर नेऊन ठेवली. पहिल्यांदा वाकडी बसली. दुसऱ्यांदा भुवईला चिकटली. तिसऱ्यांदा बसली, पण फिकी दिसायला लागली. तरुण कपाळावर गोंदण गडद असणार, म्हणून तिनं ती एकेक ठिपका गडद केली. मग हनुवटीवरचे तीन ठिपके. मग ओठांची लाली उतरवली. सुगत मागं येऊन उभा राहिला, बघत राहिला, आणि एकदा तोंड उघडून त्यानं ते परत मिटलं. संसारातलं त्याचं हे एक शहाणपण सत्यशीला कायम लक्षात ठेवते.

प्रिंट निघाली. तिनं ती जाड पुठ्ठ्यावर चिकटवली, वरून काच लावली आणि हातोडी, खिळा घेऊन पुन्हा बौद्धवाड्याकडं निघाली.

सरजाबाई तोवर अंगण झाडून, लुगडं बदलून बसल्या होत्या. सत्यशीलेनं फोटो हातात दिला. म्हातारीनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, कपाळावरची चांदणी काचेवरून बोटानं चाचपली. "लाव," एवढंच म्हणाली.

सत्यशीला कोपऱ्यातल्या धान्याच्या डब्यावर चढली. वायरवालं चित्र उतरवलं, आश्रुबांच्या फोटोच्या बरोबरीनं नवा खिळा ठोकला, फोटो अडकवला. तो डावीकडं कलला. तिनं सरळ केला. मग उजवीकडं कलला. ती पुन्हा सरळ करायला लागली, कड पुसली, काच पुसली, आणि मागं खाटेवर काहीच आवाज येईना म्हणून तिनं वळून बघितलं.

सरजाबाईंनी डोक्यावरून पदर पुढं ओढून घेतला होता, सासरच्या माणसांसमोर घेतात तसा, आणि पदराच्या आडून त्या भिंतीकडं बघत होत्या.

"मावशी, सरळ बसला का आता?"

"सरळ हाय," सरजाबाई म्हणाल्या. "तू हो गं बाजूला. मधी उभी ऱ्हाऊ नको."